ताग्यांचा माल आणि किलोंची गाडी

कापडाच्या धंद्यात आम्ही माल मीटरने विकतो, ताग्याने मोजतो आणि गाठीने पाठवितो. किलोचा विचार होतो तो फक्त सूत घेताना. एकदा सूत मागावर चढले की किलो विसरला जातो आणि मीटर सुरू होतो. परंतु ज्या गाडीत आम्ही हा माल भरतो, तिला मीटर कळत नाही, तागा कळत नाही, भावही कळत नाही. तिला फक्त किलो कळतो. या दोन मापांमध्ये जी दरी आहे, तिच्यात आमच्या मालेगाव-भिवंडीच्या किती व्यापाऱ्यांचे पैसे आणि किती ड्रायव्हरांचे हातपाय गेले याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. आमचा स्वतःचा हिशोब मात्र आमच्याजवळ आहे आणि तो येथे मांडावयास आम्हास लाज वाटत नाही, कारण चूक आमचीच होती.

गोष्ट २०१७ च्या पावसाळ्याची. आमची स्वतःची पिकअप गाडी होती, जुनी, रोखीने घेतलेली. बाजारात तिला सगळे ‘दीड टनी’ म्हणत. भिवंडीच्या एका पार्टीचा १६० ताग्यांचा सौदा होता आणि माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचवावयाचा होता. एरवी आम्ही शंभर, फार तर सव्वाशे तागे भरीत असू. उरलेले ६० तागे ट्रान्सपोर्टने पाठविले असते तर भाडे अडीच हजारांच्या घरात गेले असते. आम्ही म्हटले, एकाच फेरीत घाला. ड्रायव्हरने मागच्या चाकांकडे बोट दाखविले आणि म्हणाला, “सेठ, गाडी बैठ गई है.” आम्ही उत्तर दिले, “पाटे वाढवलेत ना, काही होत नाही.” दोनच महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये मागच्या कमानीत दोन जादा पाटे टाकून घेतले होते, त्याचा आम्हास मोठा भरवसा.

गाडी रात्री निघाली. राहुड घाट, चांदवड, नाशिक, इगतपुरी सर्व ठीक पार झाले. कसारा घाटाच्या उतारावर लायनर जळाल्याचा वास येऊ लागला. पुढच्या वळणावर ब्रेकचा पाय सरळ खाली गेला. ड्रायव्हर जाणता माणूस. त्याने दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या कडेच्या नाल्यात घातली. गाडी कलंडली, ताडपत्री फाटली, वरून पाऊस. क्लिनरला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह. ड्रायव्हरचे उजवे मनगट मोडले.

त्या रात्रीनंतर आम्ही पहिल्यांदा गाडीचे आर.सी. बुक नीट वाचले. त्यापूर्वी ते फक्त पोलिसांना दाखवावयाचा कागद होता.

त्यात दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन, दुसरे मालासह एकूण वजन. आमच्या गाडीचे रिकामे वजन १,६२० किलो आणि एकूण वजन २,९०० किलो होते. वजाबाकी केली तर १,२८० किलो. म्हणजे जिला सारा बाजार दीड टनी म्हणत होता ती कागदावर सव्वा टनाची गाडी होती. पण हिशोब येथेही संपत नाही. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस यांचे वजन कायद्याने धरलेले नसते. ती दोन माणसे १३० किलोंची. आम्ही हौदावर लोखंडी जाळीचा साज चढविला होता, तो ८५ किलोंचा. जादा पाटे ३० किलो. ताडपत्री, दोर, जॅक, हत्यारे मिळून ३५. बेरीज २८० किलो. ते १,२८० मधून गेले आणि आमच्या मालासाठी बरोबर १,००० किलो उरले.

आता तागा किती किलोंचा? हा प्रश्न आम्ही आमच्या गल्लीतील दहा व्यापाऱ्यांना विचारला. सर्वांना रीड-पिक तोंडपाठ, वजन एकालाही धड सांगता आले नाही. वास्तविक हिशोब अगदी सोपा आहे आणि तो ज्याला सूत कळते त्याला कळलाच पाहिजे. एक नंबरचे सूत एक मीटर लांब घेतले तर त्याचे वजन ०.५९ ग्रॅम भरते. चाळीस नंबरचे असेल तर त्याला चाळीसने भागावे. आमचे त्या वेळचे कापड ४८ इंच पन्हा, ७२ रीड, ६४ पिक, ताणा-बाणा दोन्ही ४० नंबर. ताण्याचे धागे ७२ गुणिले ४८, म्हणजे ३,४५६. मीटरभर कापडात ताणा झाला ५१ ग्रॅम. बाण्याचा हिशोब केला तर ४५ ग्रॅम. एकूण ९६. त्यात विणताना सूत वळसे घेते म्हणून ते जरा जास्त लागते आणि कोऱ्या कापडावर साइझिंगची कांजीही असते. हे सर्व धरून मीटरला १०५ ग्रॅमच्या आसपास. शंभर मीटरचा तागा साडेदहा किलो. आम्ही पुढे काट्यावर तोलून पाहिले, फरक थोडाच आला.

१,००० किलोत साडेदहाचे तागे बसतात ९५. आम्ही भरले होते १६०, म्हणजे १,६८० किलो. गाडी, साज, माणसे आणि माल मिळून ३,५८० किलोंचे ओझे २,९०० किलोंच्या गाडीवर घाट उतरत होते. ६८० किलो जास्त. आणि लक्षात घ्या, ज्या शंभर-सव्वाशे ताग्यांच्या फेऱ्यांना आम्ही ‘हलकी फेरी’ समजत होतो त्यादेखील ओव्हरलोडच होत्या. फक्त त्यांची पावती फाटली नव्हती.

कोऱ्या कापडाचा एक धोका असा की ते डोळ्याला फसविते. टॉवेल, होजिअरी, तयार कपडे भरले तर ताडपत्रीपर्यंत हौद भरतो आणि तरी वजन मर्यादेत राहते. कोऱ्या कापडाचे उलट आहे. एक टन माल हौदात जेमतेम कमरेच्या खाली राहतो, वर जागा मोकळी दिसते आणि मोकळी जागा पाहून व्यापाऱ्याचा जीव खालीवर होतो. सुताच्या गोण्यांचे तर विचारूच नका. पन्नास किलोंच्या वीस गोण्यांत टन पुरा झाला, गाडी मात्र अर्धी रिकामी दिसते. पावसाळ्यात आणखी भर पडते. सुती माल हवेतील ओल पितो. कोरड्या सुताच्या वजनावर साडेआठ टक्के ओल तर व्यापारात रीतसर धरलीच जाते, कोंदट हवेत ती वाढते. पॉलिस्टरला हा त्रास नाही, ते अर्धा टक्काही ओल घेत नाही. भिजलेल्या ताडपत्रीचे वजन ज्याने ती खाली उतरविली आहे त्याला विचारावे.

आता पाट्यांविषयी, कारण आमच्या भागात हा गैरसमज फार खोल रुजला आहे. जादा पाटा टाकला की गाडी बसत नाही, एवढेच होते. बसत नाही म्हणून ओझे दिसत नाही. पण ब्रेक तेच, त्यांचे लायनर तेच, धुरा तोच, बेअरिंग तेच, टायर तेच. आजारी माणसाचा ताप मोजावयाचे यंत्र फोडून टाकावे आणि ताप उतरला म्हणावे, तसा हा प्रकार आहे. गाडी बसणे ही तिची तक्रार आहे. आम्ही तिचे तोंड बंद केले होते.

टायरवर एक अंक छापलेला असतो, तो पाहण्याची सवय करावी. मापाच्या आकड्यांनंतर येणारा हा अंक भाराचा असतो. तेथे १०० असेल तर तो एक टायर पुऱ्या हवेवर ८०० किलो पेलतो, १०४ असेल तर ९०० किलो. मागच्या दोन टायरांची बेरीज करावी आणि मागच्या धुऱ्यावर प्रत्यक्ष किती वजन पडते ते काट्यावर पाहावे. हवा कमी असेल तर तो आकडाही खरा राहत नाही. अनेक बंधू टायर बदलताना माप जुळते एवढेच पाहतात आणि स्वस्तातला, कमी अंकाचा टायर घालतात. तो जिपेला चालेल, मालाच्या गाडीला नाही.

ब्रेकचे गणित आम्हास आमच्या भाच्याने समजावून सांगितले, तो अभियांत्रिकी शिकलेला आहे. तो म्हणाला, मामू, घाट चढताना इंजिनने जी ताकद घातली ती उतरताना कुठे तरी जावयास हवी. तीन टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर जेवढी उष्णता निघते तिच्यात २६ लिटर गार पाणी उकळेल. चार टनांची असेल तर ३५ लिटर. ही सर्व उष्णता चार चाकांच्या ड्रम आणि डिस्कमध्ये जमा होते. लायनर तापला की पकड सोडतो, ब्रेकचे तेल फार तापले तर त्यात बुडबुडे होतात आणि पाय पोकळीत गेल्यासारखा खाली जातो. आमच्या ड्रायव्हरचा पाय तसाच गेला होता. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. ते खरेच आहे. पण मर्यादेपेक्षा पावपट ओझे जास्त असेल तर इंजिनही किती धरणार?

आमचा ड्रायव्हर त्या रात्री गिअरमध्येच होता. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण नंतर बाजारात त्याच्या नावाने बरेच बोलले गेले.

अबू दाऊदमध्ये एका उंटाची हदीस आहे. अन्सारांपैकी एकाच्या बागेत तो उंट होता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना पाहून त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी त्याला कुरवाळले आणि मालकाला बोलावून सांगितले की हा जनावर तुझी तक्रार करतो, तू त्याला उपाशी ठेवतोस आणि थकवितोस. लहानपणी मदरशात ही हदीस आम्ही ऐकली तेव्हा आम्हास उंट दिसत असे. आता त्या गाडीजवळ बोट दाखवून उभा असलेला माणूस दिसतो. नोकराला त्याच्या ताकदीबाहेरचे काम सांगू नये आणि सांगितलेच तर स्वतः हात लावावा, असाही हुकूम आहे. ज्याने आमच्या सांगण्यावरून रात्री घाट उतरला, त्याच्याबरोबर आम्ही गाडीत बसलो नव्हतो. आम्ही घरी झोपलो होतो.

खर्चाकडे येऊ, कारण हे व्यापाराचे पान आहे. गाडीच्या दुरुस्तीचा मान्य खर्च १ लाख ८४ हजार झाला. विमा कंपनीच्या माणसाने बिल्टी पाहिली, तागे मोजले, आर.सी. पाहिली आणि क्लेम पाऊण भागावर मंजूर केला. १ लाख ३८ हजार मिळाले, ४६ हजार आमच्या खिशातून. आम्ही भांडावयास निघालो होतो, पण वकिलाने सांगितले की याहून जास्त मिळणे कठीण. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू यांच्या प्रकरणात ही पंचाहत्तर टक्क्यांची रीत मान्य केलेली आहे आणि विमा कंपन्यांच्या त्या नियमांत परवान्यापेक्षा जास्त माल भरणे हे कारण स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे पूर्ण क्लेम नाकारला नाही हेच नशीब समजावे. ४१ तागे चिखलपाण्यात गेले. पार्टीने मीटरला सहा रुपये तोडले, ४,१०० मीटरचे २४,६०० रुपये झाले. गाडीचा विमा वेगळा आणि मालाचा वाटेतला विमा वेगळा, हे तोपर्यंत आमच्या ध्यानीमनी नव्हते. मालाचा आम्ही उतरविलाच नव्हता. गाडी ३८ दिवस उभी राहिली, त्या काळात सर्व माल भाड्याने गेला. ड्रायव्हरच्या इलाजाचा आणि पगाराचा हिशोब आम्ही येथे मांडत नाही. एका बाजूस सत्तर हजारांहून अधिक, दुसऱ्या बाजूस वाचविलेले अडीच हजार.

दंड त्या वेळी झाला नाही. झाला असता तर तेव्हाच्या दराने दोन हजार आणि जादा टनामागे एक हजार. म्हणूनच त्या काळी पुष्कळजण दंडाची रक्कम भाड्यातच धरून चालत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९४ चा दंड एकदम २० हजार रुपये आणि वर जादा टनामागे २ हजार असा झाला. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही मालकाचा. माल हौदाच्या बाहेर, बाजूला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर त्याचेही वेगळे २० हजार. दंड भरला म्हणजे तीच गाडी तशीच पुढे नेण्याची मुभा मिळाली, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच परमजित भसीन यांच्या प्रकरणात सांगितले की जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे सोडता येणार नाही. काही बंधू म्हणतात की २०१८ मध्ये सरकारने वजनाची मर्यादा वाढविली. वाढविली, पण ती मोठ्या ट्रकांच्या धुऱ्यांची. दोन धुऱ्यांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला. आपल्या पिकअपच्या आर.सी. वरचा आकडा त्यामुळे एका किलोनेही हललेला नाही.

लहान गाड्यांचा मोह आमच्या लोकांना का पडतो, त्यालाही कारणे आहेत. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. कंपन्याही हे जाणून असतात आणि बऱ्याच पिकअप त्या रेषेच्या अलीकडेच बनवितात. परवान्याचा प्रश्नही आता मिटला आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतील मालगाडी चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पण खरे कारण दुसरेच आहे आणि ते फक्त आपल्याच घरांत बोलले जाते. आपल्यापैकी अनेकजण व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छितात. म्हणून हप्त्यावर मोठी गाडी घेण्याऐवजी रोखीने लहान किंवा जुनी गाडी घेतात. नीयत चांगली, यात शंका नाही. आमचीही तीच होती. परंतु माल मोठ्या गाडीचाच राहतो. मग एका हराम गोष्टीपासून वाचण्यासाठी घेतलेल्या गाडीत आपण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. याला वाट आहे. आमच्या भागात आता तिघा-चौघांनी शिरकतीत मोठी गाडी घेतल्याची उदाहरणे आहेत, प्रत्येकाचा हिस्सा पैशाप्रमाणे आणि नफा-तोटा ठरल्याप्रमाणे. आम्ही स्वतः २०१९ पासून दोन शेजारी व्यापाऱ्यांबरोबर असेच करीत आहोत. सुरुवातीला कोणाचा माल आधी जाणार यावर तोंडे वाकडी झाली, आजही कधी कधी होतात, पण गाडी चालू आहे.

गाडी निवडताना दलालाच्या ‘सहज उचलते’ या शब्दावर जाऊ नये. उचलते आणि थांबते यात फरक आहे. टाटा एस, जिला लोक छोटा हत्ती म्हणतात, ती २००५ मध्ये आली तेव्हा पाऊण टनाची म्हणून आली. माणसे वजा केली तर आमच्या त्या कापडाचे साठ तागे हा तिचा घास आहे, गावातल्या गावात साइझिंगपासून मागापर्यंत आणि मागापासून गोदामापर्यंत उत्तम. सव्वा टनाच्या वर्गातील पिकअपला, साज फार चढविला नसेल तर, शंभर तागे. रोज दीडशे-दोनशे तागे बाहेरगावी जात असतील तर दोन-सव्वादोन टनांची, मागे चार टायरांची गाडीच पाहावी. ४०७ च्या वर्गातील. जाड कापड असेल तर आकडे आणखी खाली आणावेत. वीस नंबरच्या सुताचे कापड त्याच रीड-पिकला दुप्पट जड होते, हे सांगावयास नको, तरी सांगतो.

मध्यंतरी एका तरुण सोबत्याने आम्हास विचारले, चाचा, अमेरिकेत पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून केवढा माल ओढतात, आपण पिकअपला ट्रॉली जोडली तर? प्रश्न चुकीचा नाही. भारनियमनाच्या दिवसांत आम्ही भाड्याचे जनरेटर दोन चाकी ट्रॉलीवर चढवून जिपेच्या मागे ओढत आणलेले पाहिले आहेत आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लावल्यावर ती ट्रॉलीच जिपेला कशी ढकलत नेई तेही पाहिले आहे. म्हणून अमेरिकेतील रीत आम्ही थोडी समजून घेतली.

तेथे गाडी किती ओढू शकते याचा आकडा वेगळा, गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजनाचा आकडा वेगळा आणि गाडीच्या स्वतःच्या हौदातील भाराचा आकडा वेगळा. तिन्ही एकदम पाळावे लागतात. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या हुकावर खाली दाबला गेला पाहिजे असा नियम आहे. तो कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो, जास्त असेल तर पिकअपची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. दोन टनांचा ट्रेलर जोडला तर हुकावर दोनशे ते तीनशे किलो येतात आणि ते पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतात. आमच्या त्या गाडीला माल न भरताही तिचा पाव हिस्सा संपला असता. जड ट्रेलरला तेथे स्वतःचे ब्रेक असतात, विजेवर चालणारे, गाडीत बसून दाबता येतात असे.

पूर्वी तेथील कंपन्याही मनाला येईल तो आकडा जाहिरातीत छापीत. मग मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २००८ मध्ये जे २८०७ नावाचे एक मानक काढले. त्यातील एक कसोटी अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, भर उन्हाळ्याचे ऊन, गाडीतील एसी पुरा चालू आणि मागे ट्रेलर. साध्या पिकअपचा वेग तासाला ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. हे झाले की मग आकडा छापावयाचा. आणि तोही गाडीत ड्रायव्हर व एक प्रवासी एवढेच धरून. हौदात सामान टाकले की तेवढा आकडा खाली येतो.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या बहुतेक पिकअप हौदात माल वाहण्यासाठी बनविलेल्या असतात. कंपनीच्या पुस्तकात ओढण्याचे वजन लिहिलेले नसेल तर वेल्डरकडून हूक लावून घेणे म्हणजे आमच्या जादा पाट्यांचाच भाऊ झाला. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते, हेही त्या सोबत्यास ठाऊक नव्हते. विम्याचा माणूस हे सर्व पाहतो, आपण पाहिले नसले तरी. आम्ही त्याला सांगितले की तुला दोन टन माल न्यावयाचा असेल तर दोन टनांची गाडी भाड्याने घे. तो थोडा हिरमुसला.

आमची सध्याची रीत अशी आहे. गाडी घेतल्यावर साज चढवून, टाकी भरून, ताडपत्री-दोर घालून, ड्रायव्हर आणि क्लिनर बसवून एकदा काट्यावर नेली. ती पावती चौकटीत लावून दुकानात टांगली आहे. प्रत्येक जातीच्या कापडाचे पाच तागे तोलून सरासरी काढली आणि ती भावाच्या वहीतच, भावाच्या शेजारी लिहिली. आता मुनीम सौदा लिहितानाच किलो काढतो. ई-वे बिलात मीटर लिहिले जातात, त्याच ओळीखाली आमच्या वहीत किलो असतात. लांबची फेरी असेल तर भरलेली गाडी काट्यावरून दोनदा जाते. आधी फक्त पुढची चाके फलाटावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकीत मागच्या धुऱ्याचे वजन निघते. एकूण वजन बरोबर असूनही माल मागे रचल्यामुळे मागचा धुरा जास्त झाला, असे आमच्याकडे दोनदा निघाले. दोन्ही वेळा तागे पुढे सरकवून घेतले, अर्धा तास गेला. हमालांनी कुरकुर केली, ती रास्तच होती, त्यांना चहा आणि वरचे पैसे दिले.

कसारा घाटाचा प्रश्न जून २०२५ पासून पुष्कळांसाठी हलका झाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आमणे तर भिवंडी तालुक्यातच आहे. बोगद्यातून गाडी सरळ जाते. टोल पडतो म्हणून काहीजण अजून जुन्या घाटानेच माल नेतात. त्यांनी निदान काटा करून जावे.

आमचा तो ड्रायव्हर अडीच महिन्यांनी बरा झाला, पण मनगट पूर्वीसारखे वळत नाही आणि त्याने पुन्हा मालाची गाडी हाती घेतली नाही. आता तो मुलाच्या गॅरेजवर बसतो. मागच्या रमजानमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा एक पिकअप जादा पाटे टाकण्यासाठी आली होती. त्याने मालकाला आधी आर.सी. दाखव म्हटले. मालक चिडून दुसऱ्या गॅरेजला निघून गेला.